पस्तीस अंशांपर्यंत

परभणीत दुरुस्तीच्या एका दुकानात मे महिन्यातल्या दुपारी एक मुलगा त्याचा व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन आला होता. खेळता खेळता आपोआप बंद पडतो, एवढीच तक्रार. दुकानदारानं खोक्यातलं पत्रक मागून घेतलं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि पत्रक त्याच्यापुढं सरकवलं. वापरण्याचं तापमान: ५ ते ३५ अंश सेल्सियस. मुलानं ओळ वाचली आणि विचारलं, "मग काका, उन्हाळ्यात खेळायचंच नाही का?" काकांनी पंख्याकडं बघितलं, कन्सोलकडं बघितलं, आणि पेचकस हातात घेतला. उत्तर मात्र दिलं नाही.

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. ही ओळ काही एकाच कंपनीची नाही. सोनीचे पीएस४ आणि पीएस५, निन्टेंडोचा स्विच, तिन्हींच्या कागदांवर हेच आकडे आहेत. मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मराठवाड्यातल्या किती घरांत दुपारी ३५ अंश असतात? बाहेर ४३ असताना स्लॅबच्या खोलीत ३८-३९ ही नेहमीची गोष्ट आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. पत्र्याच्या घराचं तर बोलायलाच नको. म्हणजे वर्षातले तीन महिने, आणि त्यातच शाळा-कॉलेजची सुट्टी, आपण हे यंत्र त्याच्या मर्यादेबाहेर चालवत असतो.

यामागचं गणित सोपं आहे. कन्सोलचा पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतली हवा तो चिपवरच्या पात्यांमधून ढकलतो. त्यामुळं चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर बसलेलं असतं. खोलीत २५ अंश असताना एखाद्या जड गेममध्ये चिप ७० वर राहत असेल, तर तोच गेम, तोच पंखा, आणि खोलीत ४० झाले की ती ८५ च्या आसपास जाणार. पंखा वेग वाढवत नेतो, त्याचा आवाज टीव्हीच्या आवाजावर चढतो, आणि वेग संपला की पडद्यावर सूचना येते व यंत्र स्वतःला बंद करतं. बिघाड म्हणून दुकानात येणारी कित्येक यंत्रं खरं तर बिघडलेली नसतात, त्यांनी फक्त स्वतःचा जीव वाचवलेला असतो. पण रोजच्या या ताणाची किंमत दुसरीकडं वसूल होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, त्याच्याबाबत एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. हा नियम कन्सोलच्या पॉवर सप्लायलाही लागू आहे. आणि हे सगळं आपण काच लावलेल्या शोकेसमध्ये कोंडून ठेवतो, वर पाहुण्यांना दिसावं म्हणून काच बंद. कन्सोलला मागच्या बाजूनं निदान वीतभर मोकळी जागा हवी. शोकेसमध्ये त्यानं सोडलेली गरम हवा तोच परत आत ओढतो.

आता कूलर. हा विषय कंपन्यांच्या पत्रकांत सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. उकडतंय म्हणून कन्सोलला कूलरच्या वाऱ्यात ठेवतात. हवा गार लागते हे खरं, पण त्या हवेत पाणी असतं, आणि बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडाले की त्यांच्याबरोबर क्षारही उडतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो, तोच हळूहळू बोर्डावर चढतो. त्याआधी हिवाळ्यात दुसरं काम झालेलं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत गावात, जिनिंगच्या आसपास, अगदी घरात कापूस साठवला असेल तर घरातही, हवेत बारीक तंतू तरंगत असतात. ते पंख्यातून आत जातात आणि पात्यांच्या तोंडाशी अडकतात. त्यावर रस्त्याची काळी धूळ बसते. मग एप्रिलमध्ये कूलर सुरू होतो आणि ती कोरडी धूळ ओली होऊन थिजते. उघडल्यावर पात्यांच्या तोंडावरून घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग थर चिमट्यानं उचलता येतो. फुंकून किंवा बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत दाबला जातो. कूलर असलेल्या घरात कन्सोल त्याच्या झोताच्या बाजूला, वाऱ्याच्या रेषेबाहेर ठेवावा आणि खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा साचत नाही.

साफसफाई वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, एवढी पुरते. पीएस४ ला मधे भोक असलेला टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा, बिट लागतो, टी-८ किंवा टी-९. साधा टॉर्क्स बसत नाही आणि जबरदस्ती केली तर स्क्रूचं डोकं जातं. प्लग काढून थोडा वेळ थांबावं, कारण पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. तो डबा उघडायचा नाहीच, अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. पंख्यावर ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवावं. मोकळं सोडलं तर पंखा वाऱ्यानं भलत्या वेगात फिरतो, बेअरिंगला ते सोसत नाही आणि पंख्याची मोटर उलटी वीज बोर्डाकडं पाठवते. पात्यांतला थर आधी चिमट्यानं, मग मऊ ब्रशनं काढावा आणि शेवटी हवा मारावी. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या यंत्राची चिपवरची, उष्णता पात्यांकडं नेणारी पेस्ट बहुधा वाळून भुरभुरीत झालेली असते. ती ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून नवीन पेस्ट वाटाण्याएवढी लावावी. पीएस५ चं वेगळं आहे. त्याची पांढरी झाकणं हातानं निघतात, आत धूळ साचण्यासाठी दोन भोकं दिलेली आहेत आणि तिथून व्हॅक्यूमनं ती ओढता येते. ही सोय मनापासून आवडते, कारण धूळ येणारच हे इथं कुणीतरी मान्य केलं आहे. पण पुढं जाऊन चिप उघडू नये. तिथं पेस्टऐवजी द्रव धातू आहे. तो वीजवाहक आहे, चुकीच्या जागी एक थेंब गेला तर शॉर्ट, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते खातो.

गरम होण्यापेक्षा गरम-थंड होत राहणं जास्त वाईट.

हे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलनं जगाला शिकवलं. नोव्हेंबर २००५ मध्ये तो आला आणि थोड्याच काळात यंत्र बिघडल्याची, लाल दिव्यांची ती कुप्रसिद्ध खूण घराघरांत दिसायला लागली. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले की चिपखालचं सोल्डर सुटतं. २०२१ मध्ये कंपनीच्याच माणसांनी उघड सांगितलं की तडा चिपच्या पॅकेजच्या आतल्या जोडांना जात होता. यंत्र चालू केलं की ते जोड प्रसरण पावायचे, बंद केलं की आकसायचे, आणि या ओढाताणीत तुटायचे. म्हणूनच हॉट एअर गननं चिप गरम करून दिलेलं यंत्र काही आठवडे चालायचं आणि पुन्हा तिथंच यायचं. रिबॉलिंगही याला खरा इलाज नव्हता. रिबॉलिंगमध्ये पॅकेजखालचे सोल्डरचे गोळे बदलतात, तडा त्यांच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या जाड पीएस३ च्या पिवळ्या दिव्याच्या बिघाडातही ग्राफिक्स चिपचे जोड होतेच, शिवाय तिच्या वीजपुरवठ्यावरचे चपटे कपॅसिटरही क्षीण व्हायचे. काही यंत्रं केवळ ते बदलून उभी राहिली. आता आपल्याकडचा हिशेब बघा. ज्या घरात एका संध्याकाळी लाइट तीनदा जाते, तिथं यंत्र एका संध्याकाळी तीनदा तापतं आणि तीनदा निवतं. युरोपातल्या घरात कित्येक दिवसांत जेवढे फेरे होतील, तेवढे इथं एका दिवसात. लोडशेडिंगचा हा ताण कुठल्या प्रयोगशाळेत मोजत असतील असं मला वाटत नाही.

पण उष्णता आणि वीज या आपल्या भागाच्या अडचणी आहेत, एवढं तरी म्हणता येतं. कंट्रोलरच्या स्टिकबाबत, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीबाबत, तेही म्हणता येत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त राग तिथं आहे. हल्लीच्या बहुतेक मोठ्या कंट्रोलरमध्ये स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोटे हिरवे किंवा काळे डबे असतात. एका डब्याचं झाकण नखानं उघडलं की आत एक अर्धगोल काळी पट्टी दिसते, ती कार्बनची. तिच्यावरून एक बारीक पितळी जिभली घासत फिरते. पट्टीच्या दोन टोकांना वीज, मधल्या जिभलीवर जेवढं व्होल्टेज तेवढी स्टिक वळली. रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असतं. फरक एवढाच की रेडिओचं बटण दिवसातून दोनदा फिरतं आणि ही स्टिक मिनिटाला शंभरदा. या भागाचं आयुष्य बनवणारे साधारण २० लाख फेऱ्यांचं सांगतात. आकडा मोठा वाटतो, पण रोज खेळणाऱ्या हाताखाली तो वर्ष-दोन वर्षांत संपतो. मध्यभागी पट्टी सगळ्यात आधी झिजते, कारण जिभली तिथंच परत येऊन बसते. झिजलेल्या कार्बनची काळी पूड तिथंच साचते. मग हात लावला नसतानाही यंत्राला वाटतं स्टिक थोडी डावीकडं आहे, आणि पडद्यावरचा माणूस आपोआप चालायला लागतो. आत स्प्रे मारला की पूड हलते आणि काही दिवस बरं वाटतं. झिजलेली पट्टी काही परत येत नाही.

इलाज ठाऊक नव्हता, असंही नाही. चुंबक आणि त्याची हालचाल न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर वापरला की काहीच कशावर घासत नाही. सेगा कंपनीनं १९९६ मध्ये तिच्या सॅटर्न कन्सोलच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि नंतर ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तेच केलं होतं. ते पॅड आज काढून जोडले तरी बहुतेकांची स्टिक सरळ उभी असते. तरी २०१७ च्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरमध्ये, पुन्हा घासणारी पट्टी, तीही जागा वाचवायला आणखी बारीक केलेली. २०२० मध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, आणि त्याच्याही स्टिकमध्ये हॉल सेन्सर नाहीत. सोनीनं जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज हा कंट्रोलर काढला, त्यात स्टिकचा अख्खा मोड्यूल खटक्यानं बाहेर येतो आणि नवा बसतो. म्हणजे बदलता येण्याजोगी स्टिक बनवता येते. पण ती सोय महागड्या कंट्रोलरपुरती, आणि मोड्यूलच्या आत पट्टी तीच.

यात एक गंमतीची उलटापालट आहे. जॉय-कॉनची स्टिक सगळ्यात नाजूक, पण बदलायला सगळ्यात सोपी: तीन कोनांचा पेचकस, बॅटरी बाजूला, एक पातळ रिबन सोडवायची, दोन स्क्रू, झालं. सोल्डरिंग नाही. याउलट दणकट समजल्या जाणाऱ्या मोठ्या कंट्रोलरमध्ये एकेक स्टिक १४ पायांनी बोर्डाला सोल्डर केलेली. दोन बाजूंचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार आणि पकडीचे चार. कारखान्यातलं सोल्डर शिसं नसलेलं, ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं. त्यात आपलं ६०-४० चं शिसंवालं सोल्डर आधी मिसळावं, मिश्रण लवकर वितळतं. फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) भरपूर, सोल्डरिंग गन ३५० अंशांवर, आणि मग सोल्डर ओढायच्या पंपानं एकेक भोक मोकळं करावं. ग्राउंडला जोडलेले पाय हट्टी असतात, कारण तांब्याचा मोठा पत्रा उष्णता ओढून घेतो. तिथं घाई करून स्टिक उपटली की भोकातलं तांब्याचं अस्तरच बाहेर येतं, आणि शे-दीडशे रुपयांच्या भागापायी पाच-सहा हजारांचा कंट्रोलर जातो. सगळे पाय हलताहेत असं दिसल्याशिवाय ओढायचं नाही. नवीन मोड्यूल घ्यायचाच तर हॉल सेन्सरचा किंवा त्याहून नवा, चुंबकावरच चालणारा टीएमआर प्रकारचा घ्यावा, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन करावंच. सोनीच्या कंट्रोलरसाठी ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन आहे. त्याशिवाय चुंबकाचा मध्य आणि कंट्रोलरला वाटणारा मध्य जुळत नाही, आणि लोक म्हणतात हॉलची स्टिक खराब निघाली.

त्याच सोनीच्या पीएस४ च्या कंट्रोलरमध्ये चार्जिंगचं भोक मात्र वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे, रिबननं जोडलेलं. भोक सैल झालं की तो बोर्ड बदलायचा, पाच मिनिटांचं काम. फक्त रिबन १२ पायांची की १४ पायांची ते आधी मोजून घ्यावं, ऑनलाइन मागवताना नेमकी तिथं चूक होते. एका भागाला इतका विचार, आणि ज्याच्यावर अंगठा दिवसभर असतो त्याला नाही.

जत्रेत, उरुसात, संभाजीनगरात गुलमंडीच्या खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा टीव्ही गेम आठवतो तो इथं. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल, ६० पायांची कॅसेट, आत एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली लपवलेली चिप. ती चिप गेली की यंत्र गेलं, दुरुस्ती नाही. पण बाकी सगळं हाताला लागणारं होतं. सगळ्यात जास्त जायचा तो ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. ॲडाप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असायचं, पण साधा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडाप्टर कमी भारावर १२-१३ सुद्धा द्यायचा. रेग्युलेटर ५ व्होल्ट पुढं सोडतो आणि उरलेलं उष्णता करून टाकतो. अर्धा अँपिअर धरला तर ९ व्होल्टवर २ वॉट, १३ वर ४ वॉट, आणि तेही नखाएवढ्या पत्र्यावर. दहा-वीस रुपयांचा तो भाग बदलून थोडा मोठा पत्रा लावला की यंत्र पुन्हा उभं. ॲडाप्टर दुसरा लावताना पिनचं बघावं लागे. फॅमिकॉमच्या रीतीनं मधे ऋण आणि बाहेर धन, आज घरात पडलेले बहुतेक ॲडाप्टर नेमके याच्या उलट. कॅसेटमध्ये फुंकर मारणं सगळ्यांनी केलं. चालायची ती बहुधा फुंकरीमुळं नव्हे, कॅसेट काढून परत घातल्यानं पाय घासले जायचे म्हणून. फुंकरीतली ओल मात्र पायांवर राहून तांबं काळवंडायचं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल घेऊन पुसणं हाच खरा उपाय, खोडरबरानं पातळ मुलामा निघतो. त्या गेमबरोबर मिळणारी बंदूक आजच्या एलसीडी टीव्हीवर चालत नाही, ती बिघडलेली समजून फेकू नये. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो त्याच क्षणी शोधते. एलसीडीवर तो उशिरा येतो, तोवर बंदुकीची वेळ संपलेली असते.

विजेबद्दल. हल्लीच्या बहुतेक कन्सोलचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट सहज घेतो, त्यामुळं संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि नुसत्या त्यासाठी स्टॅबिलायझरही लागत नाही. धोका आहे तो डीपीवर न्यूट्रल तुटण्याचा. तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि एकाच वेळी गल्लीतले टीव्ही, चार्जर, कन्सोल जातात. घराच्या विजेच्या बोर्डात, व्होल्टेज वाढलं की वीज तोडणारं यंत्र बसवून घेणं हाच त्याला उपाय. दुसरी गोष्ट अर्थिंगची. पीएस५ सारख्या कन्सोलची वायर दोन पिनांची असते, अर्थ नाही. पॉवर सप्लायमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमुळं त्याचा धातूचा सांगाडा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो. प्रवाह अगदी थोडा, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. पण दुसऱ्या बाजूला टीव्ही डिशच्या किंवा केबलच्या वायरमधून जमिनीशी जोडलेला असेल, आणि आपण चालू यंत्रात एचडीएमआयची केबल खुपसली, तर तो फरक केबलच्या बारीक पिनांमधून वाट काढतो. एचडीएमआयची चिप जाते, चित्र जातं, आणि दुकानात भोक बदलूनही येत नाही. म्हणून क्रम पाळावा. दोन्हींचे प्लग भिंतीतून काढावेत, आधी एचडीएमआय जोडावी, मग वीज द्यावी. वळवाचे ढग दिसले की डिशची वायरही काढून ठेवावी.

संभाजीनगरला पैठण गेटला असो की नांदेडला, जुना कन्सोल घ्यायला जायचं तर दुपारी जावं आणि जड गेम लावून अर्धा तास तिथंच बसावं. सकाळच्या गारव्यात सगळीच यंत्रं चालतात. स्टिकची परीक्षा मेन्यूत घेऊ नये, गेममध्ये अंगठा काढून माणूस उभा राहतो का ते बघावं. एचडीएमआयची केबल लावलेली असताना हलकेच वर-खाली करून चित्र जातं का ते पाहावं. मागचे स्क्रू मोजावेत. एखादा कमी असेल किंवा डोकं घसरलेलं असेल, तर आत कुणीतरी चिप गरम करून पाहिली आहे असं धरून चालावं, आणि मालक कितीही शपथा घेत असला तरी भाव निम्म्यावरून सुरू करावा.